भरून ठेवलेलं पाणी

माझ्या नवऱ्याला रिकामी बादली बघवत नाही. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, असतात एकेकाच्या सवयी. कुणाला उशाशी तांब्या लागतो, कुणाला दाराला दोन कड्या. याला भरलेलं पिंप लागायचं. त्याच्या गावात नळ होता तो शोभेपुरता आणि टँकर यायचा तो मनात आलं तर. माझं माहेर नदीकाठचं. नळ सोडून ठेवून दात घासणारी माणसं आम्ही. मी त्याला 'टाकीसाहेब' म्हणायचे, तो मला 'उधळी' म्हणायचा, आणि त्यावरून पेटलेलं भांडण पानं वाढेपर्यंत मिटायचं.

ही नुसती सवय नाही, हे मला सासूबाईंनी एकदा सांगितलं. भाजी निवडत होतो, त्यांनी मान वर केली नाही. त्यांचं धाकटं मूल आठव्यातच आलं. घरात सुईणीला हात धुण्यापुरतंसुद्धा पाणी नव्हतं. माझ्या नवऱ्याच्या हातात हंडा देऊन त्याला पिटाळलं होतं. पोरगं गावभर फिरलं आणि रिकामा हंडा घेऊन परत आलं. बाळ गेलं. कशानं गेलं हे तिथे कोण तपासायला बसलंय? पण त्या पोरानं आपल्या मनाशी ठरवून टाकलं, की पाणी नव्हतं म्हणून गेलं. "तू त्याला यावरून बोलू नकोस गं," सासूबाई म्हणाल्या. मी पुढे बोलायचे, पण जरा बेतानं.

मी स्वतः काय करायचे तेही इथेच सांगते, कारण ते पुढे लागणार आहे. मी रक्त तपासणाऱ्या एका लॅबच्या खिडकीत बसून लोकांना रिपोर्ट द्यायचे. आत काय लिहिलंय ते सांगायची आम्हाला परवानगी नव्हती. पण माणूस खिडकीत तोंड घालून विचारतोच, "ताई, ठीक आहे ना?" मग आमची एक रीत होती. रिपोर्ट बरा असला की म्हणायचं, "सवडीनं दाखवा डॉक्टरांना." वाईट असला की म्हणायचं, "आजच दाखवा." एवढंच, आणि चेहऱ्यावर रेघ हलू द्यायची नाही. घरी आमचा तो विनोदच झाला होता. भाजी करपली की नवरा ताटाकडे बघून म्हणायचा, "ही आजच दाखवायला लागणार."

तर असे आम्ही दोघं या उष्ण देशात येऊन पडलो. त्याला खोक्यांच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल बघायची नोकरी लागली होती. मला इथे काम करायचा परवाना नव्हता, त्यामुळे मी घर बघायचे. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, पांढऱ्या फरश्या, आणि एक न्हाणीघर, ज्याची खिडकी शेजारच्या न्हाणीघराबरोबर एकाच अंधाऱ्या बोळकांडीत उघडायची. संध्याकाळ नावाची गोष्ट इथे नव्हती. दिवा मालवावा तसा उजेड जायचा.

वर्षअखेरची मोठी सुट्टी जवळ आली, तेव्हा मला चौथा महिना लागला होता. आम्हाला वाटलं होतं, परदेशातली पहिली सुट्टी, कुठेतरी समुद्रावर जाऊ, फोटो काढू, गावाकडच्यांना जळवू. पण नव्या सुनेच्या वाट्याला उष्टी-खरकटी येतात, तशी नव्या माणसाच्या वाट्याला सुट्टीतली ड्यूटी येते. कारखाना बंद राहणार आणि यंत्रांची साफसफाई माझ्या नवऱ्यानं एकट्यानं करायची, असं ठरलं. दोन दिवस तो घुम्यासारखा बसला. मग म्हणाला, गर्दी नसेल, शांतता असेल, तुला आरामच मिळेल.

शांतता मिळाली हे खरं. आठवड्याभरात इमारत रिकामी झाली. रोज सकाळी जिन्यावरून बॅगांची चाकं गडगडत खाली जायची, मग मोटारीचं दार, मग काही नाही. शेवटी शेजारचे गेले. नवरा-बायको दोघंही दातांचे डॉक्टर, म्हणून आम्ही त्यांना आपसांत 'दातवाले' म्हणायचो. ते मुलीकडे जाणार होते. बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायला म्हणून बाईंनी किल्ली माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. जाताना त्यांनी माझ्या पोटाकडे बघून हात जोडल्यासारखं काहीतरी केलं, आणि दार ओढून घेतलं. त्या दिवसापासून मजल्यावर आम्हीच.

खाली पाटी लागली होती: सुट्टीत पंपाची दुरुस्ती, पाणी अनियमित येईल. ती वाचताना मी नवऱ्याकडे पाहिलं आणि समजले, आता काही खरं नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. दुसऱ्याच दिवशी कारखान्याच्या गाडीतून दोन निळी पिंपं आली. त्यानं ती घासली, भरली, मग बादल्या भरल्या, पातेली भरली. सासूबाईंना व्हिडिओवर पिंपं दाखवली, तेव्हा त्यांच्या तोंडावर जे समाधान दिसलं, ते नातवाच्या सोनोग्राफीलाही दिसलं नव्हतं. "घरात बाळंतपण आहे, पाणी हवंच," त्या म्हणाल्या.

मग एके दिवशी आरोग्य खात्याचा माणूस आला. पाठीवर फवाऱ्याची टाकी, हातात टॉर्च. मी त्याला टॉर्चवाला म्हणते, कारण त्याचं तोंड मला आठवत नाही, त्याच्या टॉर्चचा गोल आठवतो. तो गोल फ्रीजमागच्या पाणी साचायच्या थाळीवर फिरला, कुंडीच्या बशीवर फिरला, आणि मग त्यानं पिंपाचं झाकण उचललं. पाण्यात बारीक बारीक काहीतरी वळवळत होतं, वर येऊन पुन्हा खाली जात होतं. मला आधी वाटलं धूळ आहे.

त्यांची भाषा मला कामापुरती यायची आणि तो सावकाश बोलला, म्हणून शब्द न् शब्द कळला. गल्लीत तापाची साथ होती. डासांमुळे येणारा ताप, आणि हा डास घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

"कितवा महिना, ताई?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं.

"हा ताप आईला चार दिवस राहतो, मग बरं वाटायला लागतं," तो म्हणाला. "पोटातल्याला जे होतं, ते जन्मभर राहतं. घरात वाटीभर पाणीसुद्धा साठवू नका."

त्यानं स्वतः पिंपं मोरीत पालथी केली. नवरा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. पाणी वाहून जाताना त्याचा चेहरा मी पाहिला आणि मला त्याची कीव आली. पण त्याच रात्री जेवायच्या आधी मी त्याला समोर बसवलं. यावर भांडण नको, विनोद नको, म्हटलं. माझ्या पोटावर हात ठेवून शपथ घे, साठवणार नाहीस. त्यानं हात ठेवला, शपथ घेतली. त्याचा तळहात गार पडला होता.

त्यानंतर मी घर कोरडं ठेवलं. बादली वापरली की पालथी, पातेलं वापरलं की पालथं. फ्रीजची थाळी मी रोज पुसायचे. कुंडी तर मी टाकूनच दिली. आणि तरी डास येत होते. काळे, पायांवर पांढरे पट्टे असलेले, आवाज न करणारे. दिवसाढवळ्या यायचे, घोट्याला चावायचे. मी लांब बाह्यांचे कपडे घातले, मलम चोपडलं, खिडक्या लावून त्या उकाड्यात बसून राहिले. मी हात मारायचे, तळव्यावर रक्ताचा ठिपका उमटायचा, आणि ते रक्त माझंच असायचं.

घाबरले होते मी, सरळ सांगते. बाल्कनीतून समोरची इमारत दिसायची, तीही रिकामी. उजेड जायच्या आधी डास मारायच्या धुराची गाडी यायची, पांढरा धूर आवारात भरायचा, फाटक दिसेनासं व्हायचं, पहारेकरी दिसेनासा व्हायचा. मला वाटायचं, सगळे गेले आणि जाताना आपल्याला काहीतरी सांगायचं विसरले. दिवसभर मी एकटी. फोनवर आईला म्हणायचे, मजेत आहे, खूप शांत आहे इथे.

नवरा कारखान्यातून आला की चहा घ्यायचा आणि किल्ली उचलून शेजारी जायचा, दातवाल्यांच्या कुंड्यांना पाणी घालायला. कुंड्या मोजून तीन. वेळ मात्र एवढा, की बाग शिंपून व्हावी. मी विचारलं तर म्हणाला, बसलो जरा त्यांच्या बाल्कनीत, वारा येतो. मी म्हटलं, बसू दे. दिवसभर त्या बंद कारखान्यात एकटा असतो, माणसाला एक कोपरा लागतो. शपथेनंतर तो खरंच बदलला होता. बादलीकडे बघत नव्हता, पाटी वाचत नव्हता, रात्री शांत झोपत होता. मला वाटलं, एवढ्या वर्षांचं भूत उतरलं एकदाचं.

टॉर्चवाला पुन्हा आला तो नवऱ्याच्या आठवडी सुट्टीच्या दिवशी, म्हणून नवरा घरी होता. टॉर्चचा गोल घरभर फिरला. काही सापडलं नाही. मी त्याला माझे पाय दाखवले. तो न्हाणीघराच्या खिडकीपाशी गेला, बोळकांडीत टॉर्च मारली, आणि उजेडात डास वर-खाली करताना दिसले.

"पलीकडे कोण राहतं?"

"गावाला गेलेत," नवरा म्हणाला. "बंद आहे."

"किल्ली?"

"त्यांच्याकडेच असणार."

टॉर्चवाल्यानं शेजारच्या दारावर खडूनं फुली मारली. सुट्टी संपल्यावर येतो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. दार लागल्यावर मी म्हटलं, किल्ली तर आपल्याकडे आहे. तो म्हणाला, परक्याच्या घरात सरकारी माणसाला आपण कसं शिरू द्यायचं, उद्या काही हरवलं तर आपल्यावर यायचं. बोलणं बिनतोड होतं. पण तो माझ्याकडे बघून बोलत नव्हता, आणि हा माणूस खोटं बोलताना नेहमी स्वतःच्या अंगठ्याकडे बघतो. इथे कुठेतरी पाणी मुरतंय, असं वाटलं मला. कुठे, ते विचारायचा धीर त्या दिवशी झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी किल्ली शोधली. खुंटीवर नव्हती. ती त्याच्या धुवायच्या पँटच्या खिशात होती. भर दुपारी मी शेजारचं दार उघडलं.

आत बंद घराचा दमट वास होता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर दातवाल्या बाईंची पातेली ओळीनं मांडलेली, प्रत्येकावर ताटली. खाली बादल्या. टेबलावर दोन फुलदाण्या, त्यासुद्धा काठोकाठ. मी एकेक ताटली उचलत आत गेले. न्हाणीघरात आंघोळीचा मोठा टब होता, त्यावर प्लॅस्टिक पसरून कडेला विटा ठेवल्या होत्या. एका कोपऱ्यात प्लॅस्टिक आत खचलं होतं आणि तिथून डास निघत होते. मी ते ओढून काढलं. टबभर पाणी हलत होतं, कुणी हात न लावता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी इतके दिवस फ्रीजची थाळी पुसत बसले होते, आणि भिंतीपलीकडे, माझ्या उशापासून हातभर अंतरावर, हे.

मी त्याला फोन केला आणि शेजारी ये एवढंच म्हणाले. तो येईपर्यंत मी टबाच्या कडेला बसून होते. तो न्हाणीघराच्या दारात येऊन थांबला. कपड्यांवर यंत्राचं तेल होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पाणी," तो म्हणाला.

"शपथ घेतली होतीस."

"आपल्या घरात नाहीये ना," तो म्हणाला. मग अगदी हळू आवाजात, "झाकलं होतं मी सगळं. रोज बघून जात होतो. ऐन वेळी पाणी नसलं तर काय करणार आहेस तू?"

"ऐन वेळेला अजून पाच महिने आहेत."

"तेव्हाही सगळे हेच म्हणत होते. अजून वेळ आहे, अजून वेळ आहे."

मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच, हात उचलला होता मी. आणि त्याच क्षणी हेही दिसत होतं, की माझ्यासमोर कारखान्यातला माणूस उभा नाही, रिकामा हंडा घेऊन परत आलेलं पोर उभं आहे. राग आणि दया एकाच वेळी आली की माणसाला काहीच करता येत नाही. मी वाकून टबाचं बूच उपटलं. त्याला म्हटलं, पातेली तू ओत. तो ओट्यापाशी गेला, एक पातेलं दोन्ही हातांत धरलं आणि तसाच उभा राहिला. शेवटी सगळी मीच ओतली. तो बाहेर जिन्यावर जाऊन बसला.

आम्ही टॉर्चवाल्याच्या कार्यालयात जाऊन सांगून आलो. त्यांनी दोन्ही घरांत फवारणी केली. दातवाल्या बाईंना मी फोनवर काय घडलं ते सांगितलं. त्यांनी भांड्यांबद्दल एक शब्द काढला नाही, फक्त विचारलं, तुला ताप आहे का? नाही म्हटलं, आणि तेव्हा ते खरं होतं.

नंतर चारेक दिवसांनी सकाळी उठले तर बोटांची पेरं दुखत होती. डोळे लाल. हातावर बारीक पुरळ. अंग जरासं कोमट, एवढंसं, की माहेरी असते तर आईनं सुंठ उगाळून लावली असती आणि कामाला लावलं असतं. नवऱ्यानं माझ्या कपाळाला हात लावला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मी उगाच म्हटलं, उकाड्यानं असेल. आमच्यापैकी कुणीच ते ऐकलं नाही.

सुट्टीत एकच दवाखाना उघडा होता. डॉक्टरीणबाईंनी पुरळ बघितलं, पोटावरून हात फिरवला, रक्त घ्यायला सांगितलं. काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. रिपोर्टसाठी पुन्हा गेलो तेव्हा वाट बघायच्या खोलीत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. रिपोर्टच्या खिडकीभोवती सुट्टीसाठी रंगीत दिव्यांची माळ चिकटवली होती. नवरा म्हणाला, तुझे ओठ सुकलेत, पाणी आणतो. तो खाली गेला आणि तेवढ्यात माझा नंबर पुकारला.

खिडकीत एक मुलगी होती, वयानं मी लॅबमध्ये लागले तेव्हा होते तेवढी. तिनं नाव ताडून बघायला कागद अर्धा बाहेर काढला. मी कागदाकडे बघितलंच नाही, मी तिच्याकडे बघत होते. तिची नजर खाली सरकली आणि एका ओळीवर थांबली. मग तिनं कागद आत घातला, पाकीट नीट केलं आणि दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलं. चेहऱ्यावर रेघ हलली नाही.

"ठीक आहे ना?" मी विचारलं. इतकी वर्षं हा प्रश्न दुसऱ्या बाजूनं ऐकला होता.

"डॉक्टर आत आहेत," ती म्हणाली. "आजच दाखवून जा."

मी बाकावर येऊन बसले. पाकीट उघडलं नाही. पोटात काहीतरी हललं असं वाटलं, पण चौथ्यात असं वाटतं आणि नसतंही, असं सगळ्या म्हणतात.

नवरा जिना चढून वर आला. त्याच्या हातात दोन बाटल्या होत्या. एक माझ्या हातात दिली, ही आत्ता पी, म्हणाला, दुसरी जवळ राहू दे. मी बाटलीकडे बघत राहिले.

"काय म्हणाली ती?"

खोटं बोलता आलं असतं मला. सवडीनं, म्हटलं असतं तर डॉक्टरांच्या दारापर्यंत तरी तो सुखात चालला असता. पण या घरात आता झाकून ठेवलेलं काही नको होतं मला.

"आजच दाखवा म्हणाली."

तो समजला. हे शब्द त्यानं आमच्या जेवणाच्या पानावर कितीदा हसून म्हटले होते. त्यानं पाकीट मागितलं नाही. माझ्या हातातली बाटली त्यानं माझ्याकडेच राहू दिली. दुसरीचं झाकण उघडत तो कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेला आणि ती त्यात उलटी केली. लग्न झाल्यापासून मी त्याला पाणी ओतून देताना पाहिलं नव्हतं. आत डॉक्टरीणबाईंनी आमचं नाव पुकारलं. बाटली कधीच संपली होती, तरी तो ती उलटी धरून उभा होता.